धाडसी आणि सावध: एका घरात, एका शिवारात, एका सोसायटीत कसं जमवायचं

नवऱ्याला नोकरी सोडून भोसरीत वर्कशॉप टाकायचं आहे, बायको म्हणते आधी घराचं कर्ज फिटू दे. मुलाला दोन एकरांत ड्रॅगन फ्रूट लावायचं आहे, वडील म्हणतात ऊस आहे तो बरा आहे. सोसायटीतले चाळिशीचे सभासद पुनर्विकासामागे लागलेत आणि तळमजल्यावरच्या आजी म्हणतात, मला हे घर सोडून कुठे जायचं नाही.

तिन्ही ठिकाणी पहिला उपाय सुचतो तो अर्ध्यावर तडजोडीचा, आणि बहुतेक वेळा तोच सर्वांत वाईट निघतो. बारा लाखांचं मशीन हवं होतं, भांडण नको म्हणून सहा लाखांचं जुनं घेतलं. त्यावर माप नीट येत नाही, ऑर्डरी टिकत नाहीत, वर्षभरात शटर खाली. धाडसी म्हणतो, तूच माझे हात बांधलेस. सावध म्हणते, बघ, सहा लाख गेलेच ना. दोघंही खरं बोलत असतात.

खाली दिलेल्या पद्धतीत अर्धं-अर्धं करायचं नाही, कामं वाटून घ्यायची. ज्या पैशाला, जागेला, सोयीला कोणत्याही परिस्थितीत हात लावायचा नाही ती गंगाजळी सावध माणसाने ठरवायची. गंगाजळी बाजूला काढल्यावर जे उरेल त्यावर धाडसी माणसाची पूर्ण मोकळीक. त्याने गंगाजळीत हात घालायचा नाही, आणि मोकळ्या रकमेचं तो काय करतो यात हिने नाक खुपसायचं नाही. दुसरी अट पहिलीइतकीच महत्त्वाची आहे. घराघरांत मोडते ती बहुधा हीच.

(उदाहरणात नवरा धाडसी आणि बायको सावध घेतली आहे ती लिहिण्याच्या सोयीसाठी. उलट जोड्याही भरपूर असतात, आणि तिथे बायकोच्या धाडसाला घरच्यांनी दिलेलं नाव सहसा धाडस नसतं.)

पहिलं काम: कोण कुठे धाडसी आहे ते कागदावर आणा

“तो पहिल्यापासूनच बिनधास्त आहे” किंवा “ती घाबरटच आहे” ही वाक्यं निरुपयोगी आहेत, कारण माणूस सगळीकडे सारखा नसतो. एल्के वेबर या मानसशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये जोखमीची पाच क्षेत्रं वेगळी मांडली: पैसा, आरोग्य व सुरक्षितता, छंद-करमणूक, सामाजिक व्यवहार आणि नीती. एका क्षेत्रात उडी घेणारा दुसऱ्या क्षेत्रात दहादा विचार करतो. कोकणकड्याच्या टोकाशी पालथा पडून खाली बघणाऱ्याचे सगळे पैसे मुदत ठेवीत असतात. शेअर बाजारात बिनघोर पैसे टाकणाऱ्याला चार लोकांसमोर साहेबांना “नाही” म्हणणं जमत नाही.

अर्धा तास काढा. दोघांनी वेगवेगळ्या खोलीत बसून, एकमेकांना न दाखवता पाच प्रश्नांची उत्तरं लिहायची:

१. किती रुपये बुडाले तर आठवडाभर झोप लागणार नाही?
२. महिन्याचं उत्पन्न किती महिने अनियमित झालं तर चालेल?
३. राहतं घर, गाव किंवा शाळा बदलायची तयारी आहे का? कितीदा?
४. लोक काय म्हणतील याची भीती कोणत्या गोष्टीत वाटते?
५. पाच वर्षांनी कोणती गोष्ट केली नाही म्हणून हळहळ वाटेल?

पहिल्या प्रश्नाच्या उत्तरांत एकाचे पन्नास हजार आणि दुसऱ्याचे पाच लाख निघाले तरी दचकू नका. डॅनिएल काहनमन आणि एमॉस ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये दाखवलं की कमावल्याच्या आनंदापेक्षा गमावल्याचं दुःख माणसाला जास्त जड जातं. त्यांच्याच नंतरच्या मोजणीत हे प्रमाण सव्वादोन पटीच्या आसपास आलं. त्यामुळे सावध माणसाच्या आकड्याला भित्रेपणा म्हणण्यात अर्थ नाही. तो आकडा पुढच्या हिशोबात लागणार आहे.

चौथं आणि पाचवं उत्तर एकमेकांना मोठ्याने वाचून दाखवा. पैशाचं म्हणून चाललेलं निम्मं भांडण तिथेच दुसरंच काही निघतं: सासरच्यांसमोर मान खाली जाण्याची भीती, किंवा चाळिशी उलटत चालल्याची.

दुसरं काम: गंगाजळीचा आकडा काढा

“सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवा” हा ठोक सल्ला विसरा आणि स्वतःचं गणित मांडा. समजा महिन्याचा घरखर्च ४२,०००, गृहकर्जाचा हप्ता २३,०००, मुलांच्या फीचा महिन्याचा हिस्सा ७,०००, विम्याच्या हप्त्यांचा हिस्सा ३,०००. एकूण ७५,०००. बायको जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका, हातात येणारा पगार ५२,०००. नवऱ्याने नोकरी सोडली की दर महिन्याला तूट २३,०००.

वर्कशॉपमधून घरात पैसा यायला १८ महिने लागतील असं धरा. धाडसी माणूस नऊ महिने म्हणेल, त्याच्या अंदाजाची दुप्पट धरावी हे बरं. तूट झाली १८ × २३,००० = ४,१४,०००. त्यावर अचानकच्या संकटासाठी पूर्ण खर्चाचे तीन महिने, म्हणजे २,२५,०००. गंगाजळी ६,३९,०००. साठलेले १६ लाख असतील तर मोकळी रक्कम ९,६१,०००.

इतका वेळ “नोकरी सोडायची की नाही” असा वाद होता. आता प्रश्न वेगळा आहे: साडेनऊ लाखांत मशीन, जागेचं डिपॉझिट, वीज जोडणी आणि एका माणसाचा पगार बसतो का? बसत नसेल तर सहा लाखांचं कामचलाऊ मशीन घेऊ नका. आणखी आठ-दहा महिने नोकरी करून मोकळी रक्कम वाढवा, नाहीतर ज्याचं मशीन संध्याकाळी मोकळं असतं अशा माणसाकडे तासावर काम करून घ्या. सावध माणसाला इथे “नाही” म्हणावं लागत नाही, आकडाच म्हणतो.

तिसरं काम: गंगाजळीभोवती भिंती घाला

नुसतं ठरवून पैसे टिकत नाहीत. दुकानात तीन तारखेला पगार द्यायचे असतात, समोरून चेक आलेला नसतो, आणि “चार दिवसांसाठी घेतो” म्हणून हात पुढे जातो. म्हणून नोकरीचा राजीनामा देण्यापूर्वी, आधी मुळीच नाही जमलं तर निदान त्याच महिन्यात, एवढं उरकून घ्या:

गंगाजळीची ठेव दोघांच्या नावे आणि दोघांच्या सह्यांनीच मोडता येईल अशा पद्धतीची करा. रक्कम पाच लाखांच्या वर असेल तर दोन बँकांत विभागा. ठेव विमा महामंडळाचं संरक्षण ४ फेब्रुवारी २०२० पासून एका बँकेतल्या एका ठेवीदाराला मुद्दल आणि व्याज धरून पाच लाखांपर्यंतच आहे. पतसंस्थेतल्या ठेवीला हे संरक्षण नाही. एक टक्का जास्त व्याज देते म्हणून आयुष्याची पुंजी पतसंस्थेत ठेवणारे बहुतेक स्वतःला सावधच समजत असतात.

तुटीची रक्कम दर महिन्याच्या १ तारखेला गंगाजळीतून घरखर्चाच्या खात्यात आपोआप जाईल अशी सोय करा. आपल्या उदाहरणात २३,०००. घरात पगार आल्यासारखंच वाटतं, आणि रोजची धाकधूक पुष्कळ कमी होते.

कंपनीचा आरोग्य विमा नोकरीबरोबर संपतो. स्वतःची पॉलिसी आधीच घ्या, कारण नव्या पॉलिसीत जुन्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. टर्म इन्शुरन्सही पगाराची स्लिप हातात असतानाच सोपा मिळतो. तो घेताना १८७४ च्या विवाहित महिला मालमत्ता कायद्याखाली घ्यायचा असं सांगा. त्याचा अर्ज पॉलिसी घेतानाच भरावा लागतो, मागाहून जोडता येत नाही. अशा पॉलिसीच्या पैशांवर नवऱ्याने धंद्यात ज्यांचं देणं लागतं ते हक्क सांगू शकत नाहीत. पीपीएफमधली रक्कमही कोर्टाच्या हुकमाने कर्जापोटी जप्त होत नाही, म्हणून ते खातं चालू ठेवा.

धंदा प्रोप्रायटरी, म्हणजे एकट्याच्या मालकीचा, असेल तर धंद्याचं कर्ज आणि घर यांच्यात कसलाच आडपडदा नाही. एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) किंवा प्रायव्हेट लिमिटेडमध्ये जबाबदारी मर्यादित असते. मात्र बँक कर्ज देताना संचालकाची वैयक्तिक हमी मागते, आणि ती सही केली की मर्यादा कागदावरच राहते. राहतं घर तारण ठेवायचं नाही हे सावध माणसाने पहिल्या दिवशी लिहून घ्यावं.

शेवटची भिंत लोक सर्रास विसरतात: जामीन. मित्राच्या किंवा भावाच्या कर्जाला जामीन राहणं, सोनं गहाण टाकणं, क्रेडिट कार्डावर माल उचलणं, हे सगळं गंगाजळीत हात घालण्यासारखंच आहे, फक्त बँकेच्या पासबुकात दिसत नाही. दोघांच्या संमतीशिवाय यांतलं काहीही नाही, असं लिहा.

नोकरीची पाच वर्षं पूर्ण व्हायला दोन-तीन महिने उरले असतील तर थांबा. साध्या कायम नोकरीत ग्रॅच्युइटीसाठी पाच वर्षांची अट असते. शेवटचा मूळ पगार (महागाई भत्ता धरून) भागिले २६, गुणिले १५, गुणिले वर्षं, ही रक्कम उतावीळपणे सोडून देण्यासारखी नाही.

चौथं काम: थांबायचं कधी, ते सुरू करण्याआधी

धंदा बुडण्याआधी पैसा अडकतो. लघुउद्योगांच्या २००६ च्या कायद्यानुसार लेखी करार असला तरी सूक्ष्म-लघु उद्योगाचं बिल ४५ दिवसांत चुकतं व्हायला हवं, करार नसेल तर १५ दिवसांत. त्यासाठी सरकारची उद्यम नोंदणी (लघुउद्योग म्हणून नोंद) पहिल्या बिलाआधी करून ठेवा. पण कायदा काहीही म्हणो, ९० दिवस थांबायची तयारी ठेवावी लागते. म्हणजे मोकळ्या रकमेतून सगळंच मशीनमध्ये घालून चालत नाही, तीन महिन्यांचा कच्चा माल, वीज आणि पगार हातात हवेत. नव्या वर्कशॉपवाल्याचा सर्वांत घात करणारी चूक हीच: मशीन उत्तम, खेळतं भांडवल शून्य.

थांबण्याची अट एका ओळीत, आकडा आणि तारीख घालून लिहा. उदाहरणार्थ: “बाराव्या महिन्याअखेर महिन्याचं बिल दीड लाखाखाली असेल, किंवा मोकळ्या रकमेतले दोनच लाख उरले असतील, तर नवी गुंतवणूक बंद आणि त्या दिवसापासून नोकरी शोधायला सुरुवात.” अट धाडसी माणसाने स्वतःच्या अक्षरात लिहावी. दुसऱ्याने लिहिलेली अट शिक्षा वाटते.

सावध माणसासाठीही अट हवी: ठरलेली गंगाजळी वर्षातून एकदाच बदलेल, किंवा आजारपण, बाळंतपण यांसारखं मोठं कारण आलं तरच. नाहीतर धंदा जरा बरा चालला की ती सहाची आठ लाख होते, मग दहा, आणि मोकळीक नावापुरती उरते.

सही करण्याआधी आणखी एक व्यायाम करा. निर्णयशास्त्रातले अभ्यासक गॅरी क्लाइन यांनी तो २००७ मध्ये मांडला. दोन वर्षांनंतरची तारीख वर लिहा, वर्कशॉप बंद पडलंय असं धरून चाला आणि दहा मिनिटं कारणं लिहा. “काय चुकू शकेल?” विचारलं तर धाडसी माणूस “काही नाही” म्हणतो. “काय चुकलं?” विचारलं की त्यालाच आठ कारणं सुचतात. मग कागद उलटा करा आणि पाच वर्षांनंतरची तारीख लिहा: काहीच केलं नाही, सगळं होतं तसंच आहे. यातून काय गमावलं? हे सावध माणसाने लिहायचं. काही न करण्यालाही किंमत असते, आणि ती त्याला सहज दिसत नाही. ७ टक्क्यांच्या ठेवीवर ३० टक्क्यांच्या टप्प्यात कर आणि उपकर गेला की हातात ४.८ टक्क्यांच्या आसपास उरतं. महागाई ६ टक्के राहिली तर रुपयाची खरेदीशक्ती बारा वर्षांत निम्मी होते.

महिन्यातून एकदा बोला, रोज नको

इथे थोडं थांबू, कारण चांगली गणितं इथेच मातीत जातात. सावध माणसाची काळजी प्रश्नांतून बाहेर पडते आणि धाडसी माणसाची लपवालपवीतून.

“आज काही आलं का?”
“येईल गं. परवा बोललोय त्यांच्याशी.”
“परवाही हेच म्हणालात.”
“मग रोज कशाला विचारतेस?”

असं ताटावर दोन महिने चाललं की तिसऱ्या महिन्यात तो एक लाख ऐंशी हजारांचं बिल अडकल्याचं सांगतच नाही. ती मग त्याच्या फोनवरचे बँकेचे मेसेज वाचू लागते. त्याला ते कळतं. आता वाद पैशाचा राहिलेला नसतो. गंमत अशी की प्रत्येकाला आपली सवय हा दुसऱ्याच्या सवयीवरचा उपाय वाटते: लपवतो म्हणून विचारावं लागतं, विचारते म्हणून लपवावं लागतं.

यावर इलाज वेळ ठरवण्याचा. महिन्याचा पहिला रविवार, सकाळचा चहा झाल्यावर, ४० मिनिटं. तीनच आकडे: मोकळ्या रकमेतले किती उरले, येणं किती आणि किती दिवसांपासून अडकलंय, पुढच्या महिन्याचं काम किती हातात आहे. वाईट आकडा आधी सांगायचा. मधल्या दिवसांत विचारायचं नाही, पण एक अपवाद: ५०,००० च्या वर फटका बसला तर त्याने २४ तासांत स्वतःहून सांगायचं. हा अपवाद असेल तरच न विचारण्याचा नियम पाळता येतो.

बोलताना दुसऱ्याच्या स्वभावावर घसरायचं नाही. “हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागायची सवयच आहे तुम्हाला” हे वाक्य गणित संपवतं. सासू-सासरे, भाऊ, मेव्हणा या बैठकीत नकोत. त्यांचे पैसे लागले असतील तर त्यांना वेगळा हिशोब, वेगळ्या दिवशी.

आणि ही सगळी पद्धत स्वभावाच्या फरकासाठी आहे. लपवून घेतलेली कर्जं आणि शेअर बाजारातल्या फ्युचर्स-ऑप्शन्स या सट्ट्याच्या सौद्यांचं व्यसन यांवर ती चालत नाही. सेबीने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, आर्थिक वर्ष २०२२ ते २०२४ या काळात या प्रकारात उतरलेल्या व्यक्तिगत ट्रेडर्सपैकी ९३ टक्क्यांना तोटा झाल्याचं आढळलं. तिथे आधी व्यवहार थांबवणं आणि समुपदेशन. तसंच सावधपणाच्या नावाखाली बायकोचं एटीएम कार्ड ताब्यात ठेवणं, तिला नोकरी करू न देणं, हा स्वभाव नव्हे. २००५ चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा आर्थिक छळही हिंसाचारात धरतो.

शेतीत: आधी पाणी मोजा

शेतकरी घरात गंगाजळी रुपयांत असतेच असं नाही. उसाला एफआरपी, म्हणजे सरकारने ठरवलेला किमान दर, आहे आणि १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार ती १४ दिवसांत मिळायला हवी. उशीर होतो, तरी वडिलांचा भरवसा हवेतला नाही. ड्रॅगन फ्रूटला खांब, वरची कडी, ठिबक, रोपं हा खर्च पहिल्याच वर्षी, एका खांबाला साधारण चार रोपं, आणि बरं उत्पन्न तिसऱ्या वर्षापासून. मधली दोन वर्षं घर कशावर चालणार हे मुलाने सांगायला हवं.

इथे सावध माणसाने राखायच्या चार गोष्टी: घरच्या धान्याचं क्षेत्र, पीककर्जाची वेळेवर फेड (व्याज सवलत त्यावरच मिळते), जनावरांचा चारा, आणि एप्रिल-मेमध्ये विहीर-बोअर रोज किती तास चालतं ते. पाण्याचा आकडा वडिलांना जास्त खरा माहीत असतो. मुलाने तो त्यांच्याकडूनच लिहून घ्यावा, एवढ्यानेही निम्मा विरोध मावळतो.

मग १० गुंठे, म्हणजे पाव एकर, फळाचे दोन हंगाम होईपर्यंत पूर्ण मुलाच्या हातात. वाण, खत, बाजार, सगळे निर्णय त्याचे, हिशोबाची वही वेगळी. बांधावर उभं राहून रोज सूचना द्यायच्या नाहीत. वाढवायचं की नाही ते वहीवर ठरेल. कर्ज लागलंच तर बोजा ठरावीक गटावरच, सातबाऱ्यावरच्या सगळ्या जमिनीवर नाही. सामाईक सातबारा असेल तर चुलत्यांच्या सह्या मागण्याआधी त्यांना हाच कागद दाखवा.

सोसायटीत: भीती आधी गोळा करा, ऑफर नंतर

पुनर्विकासाच्या सभेत दोन गट पडतात आणि सभेगणिक आणखी कडवे होतात. जेम्स स्टोनर यांनी १९६१ मध्ये दाखवलं की गटात चर्चा झाली की माणसं एकट्याने घेतली असती त्यापेक्षा जास्त धाडसी निर्णय घेतात. पुढच्या अभ्यासांत दिसलं की मुळात सावध असलेला गट चर्चेनंतर अधिक सावधही होतो. व्हॉट्सॲप ग्रुपवर हे रोज घडतं. म्हणून चर्चा सुरू होण्यापूर्वी प्रत्येक घराचं मत लेखी आणि बंद पाकिटात घ्या.

एका पानाचा फॉर्म पुरतो. घरात कोण आजारी किंवा ७० च्या वर आहे, फ्लॅटवर कर्ज आहे का, वारसनोंद बाकी आहे का, भाड्याने राहण्यासाठी जवळच्या कोणत्या भागात जागा हवी, कोणत्या तीन गोष्टींची भीती वाटते, आणि नव्या घरात काय हवं. हे पाकीट व्यवस्थापक समितीच्या दोन सदस्यांनी घरी जाऊन घ्यावं, एक उत्साही आणि एक साशंक. सभेत गप्प बसणारी माणसं स्वतःच्या दिवाणखान्यात बोलतात. तळमजल्यावरच्या आजींची भीती बहुधा इमारतीची नसते. भाडं मध्येच थांबलं तर मुलाकडे जावं लागेल, याची असते. आणि ती फाजील भीती नाही: गोरेगावच्या पत्राचाळीतल्या ६७२ कुटुंबांनी २००८ मध्ये सुरू झालेल्या प्रकल्पात भाडंही थांबलेलं पाहिलं आणि घरासाठी दीड दशकाहून जास्त वाट बघितली.

आता कामं वाटा. साशंक सभासदांची उपसमिती कराराच्या किमान अटी लिहील. उत्साही सभासदांची उपसमिती वास्तुविशारद, बिल्डर आणि ऑफर शोधेल. किमान अटी मान्य नसलेली ऑफर, क्षेत्रफळ कितीही जास्त असो, सभेपुढे यायचीच नाही. या अटी शून्यातून लिहाव्या लागत नाहीत. राज्य शासनाने सहकारी संस्था कायद्याच्या कलम ७९(अ) खाली ४ जुलै २०१९ रोजी दिलेल्या सुधारित निर्देशांत बऱ्याच आहेत: प्रकल्प खर्चाच्या २० टक्के बँक गॅरंटी, नोंदणीकृत विकास करार, दोन वर्षांची आणि अपवादात्मक परिस्थितीत तीन वर्षांची मुदत, कायदेशीर परवानग्या हातात आल्यावरच घरं रिकामी करणं. यात स्वतःची भर घाला: भाडं किती महिन्यांचं आगाऊ, ते थकलं तर किती दिवसांत गॅरंटी वटवायची, आणि करार मोडायचा तर कोणत्या अटीवर. आजींच्या भीतीला नेमकं उत्तर या तीन ओळींतच आहे.

निर्देशांनुसार विशेष सभेला एकूण सभासदांच्या दोन-तृतीयांश गणपूर्ती आणि निर्णयाला ५१ टक्के संमती लागते. अल्पमताला बहुमताचा निर्णय बांधील असतो, असं मुंबई उच्च न्यायालयानेही वेळोवेळी धरलं आहे. तरी ५१ वर पुढे जाऊ नका. उरलेल्यांपैकी दोन-तीन कुटुंबांनी घर सोडायला नकार दिला की बाकीचे सगळे भाड्याच्या घरात वर्षभर अडकतात. ८० टक्क्यांच्या पुढे संमती जाईपर्यंत फॉर्ममधल्या भीतींवर एकेक करून काम करणं स्वस्त पडतं.

साशंक गटालाही एक कागद वाचायला लावा: स्ट्रक्चरल ऑडिट. आदर्श उपविधींनुसार १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं ते दर पाच वर्षांनी आणि ३० च्या वरच्या इमारतीचं दर तीन वर्षांनी करायचं असतं. इमारत अतिधोकादायक ठरली तर महापालिका घरं रिकामी करायला लावते, आणि त्या वेळी बँक गॅरंटी, आगाऊ भाडं, निवडीची सवड यांतलं काही हातात नसतं. “आहे ते बरं” किती वर्षं बरं राहणार, ते ऑडिटवरून कळतं. दुरुस्तीवर अजून पंधरा वर्षं निघत असतील तर उत्साही गटाने तेही मान्य करावं. सगळ्याच जुन्या इमारती पाडायच्या नसतात.

ट्रेकिंग ग्रुपमध्ये मात्र नियम उलटा

पैशाच्या बाबतीत सावध माणसाला मोकळ्या रकमेवर नकाराधिकार नाही. जीवाच्या बाबतीत तो आहे. दोर, कडा, ओढा यांपैकी काहीही असो, एकाने “मला जमणार नाही” म्हटलं की पूर्ण ग्रुप थांबतो. त्याला कारण विचारायचं नाही, समजूत घालायची नाही. पुढे लीड, सर्वांत मागे तितकाच अनुभवी स्वीप, आणि वेग सर्वांत हळू चालणाऱ्याचा.

माघारीची वेळ घरून निघतानाच ठरवा. सूर्यास्त सहा वाजता असेल आणि उतरायला चार तास लागत असतील, तर दीड वाजता जिथे असाल तिथून वळायचं, माथा समोर दिसत असला तरी. वरचा अर्धा तास दमलेल्या पायांसाठी. पावसाळ्यात ओढा ओलांडून जाणार असाल तर जाताना पाण्याच्या काठाशी एखाद्या दगडावर पातळीची खूण करा. परत येताना खूण पाण्याखाली असेल तर पलीकडे जायचं नाही, पाणी उतरेपर्यंत तिथेच थांबायचं. त्यासाठी कोरडे कपडे, टॉर्च आणि एका वेळचं खाणं प्रत्येकाच्या सॅकमध्ये वेगळं हवं. ज्यांना अलंग-मदन-कुलंग या किल्ल्यांसारखं अवघड करायचं आहे त्यांनी त्याची वेगळी तारीख लावावी, वेगळी चार-सहा माणसं घ्यावीत, आणि नवख्यांच्या ट्रेकमध्ये ऐनवेळी “जरा तो कडा पण करून येऊ” म्हणू नये.